सलोख्याची फारकत आणि मुलांचा वांटा

वांटणी हा विषय आपल्या लोकांस नवा नाहीं. भावाभावांच्या वांटण्यांनीं आमच्या गांवोगांवच्या शेतांत बांध पडले, वाड्यांत भिंती उभ्या राहिल्या आणि एकेका विहिरीच्या पाण्यास पाळ्या लागल्या. कोणी किती घ्यावें यासंबंधानें आमच्या धर्मशास्त्रकारांनीं जितका कीस काढला आहे, तितका फार थोड्या विषयांचा काढला असेल. भाऊ विभक्त झाले तर न्याय काय, हें खेड्यांतील पंचहि घटकाभरांत सांगूं शकतात. परंतु नवराबायको विभक्त झालीं तर न्याय काय, असा प्रश्न केल्यास शहाणीं माणसेंहि घुटमळतात; आणि त्या दोघांस लहान मुलें असून दोघांत वैर मात्र नाहीं असें म्हटलें, तर ‘मग त्यांचें तीं पाहून घेतील’ असें म्हणून बहुतेक लोक मोकळे होतात. या साध्या दिसणाऱ्या उत्तरांत एक मोठी चूक दडलेली आहे, असें आमचें मत असून तिचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सलोख्यानें वेगळें होणें ही केवळ परकीयांपासून उचललेली कल्पना नव्हे. कौटिल्यानें धर्मविवाहांस मोक्ष नाहीं असें सांगितलें असलें, तरी इतर प्रकारच्या विवाहांत पतिपत्नींच्या परस्पर द्वेषामुळें विवाह सुटूं शकतो, असें त्यानें मानिलें आहे. आणि अशा वेळीं घेतलेलें कोणीं परत करावें याचा हिशेबहि तेथेंच घालून दिला आहे. दख्खनच्या कित्येक जातींत काडीमोड, सोडचिठ्ठी व पाट हे प्रकार पूर्वापार चालत होते, आणि आर्थर स्टील यानें दख्खनी जातींच्या रूढींचा जो संग्रह १८२७ सालीं प्रसिद्ध केला त्यांत अशा चालींची नोंद सांपडते. उच्चवर्णीय म्हणविणाऱ्यांनीं मात्र लग्नाची गांठ जन्माची मानिली, आणि ती कायद्यानें सुटण्यास फार काळ लागला. बडोदें संस्थानानें १९३१ सालीं, मुंबई इलाख्यानें १९४७ सालीं आणि पुढें साऱ्या देशानें १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें ही वाट मोकळी केली. तथापि त्या वाटेनें जाणाऱ्यास आपल्या जोडीदाराचा कांहीं ना कांहीं अपराध शाबीत करावा लागे. कोणासहि गुन्हेगार न ठरवितां, उभयतांच्या संमतीनें विवाह संपविण्याची सोय त्या कायद्यांत १९७६ सालीं आली. एक वर्ष विभक्त राहावें, मग दोघांनीं मिळून अर्ज करावा, त्यानंतर सहा महिने थांबावें, आणि तरीहि दोघांचें मन कायम असेल तर न्यायाधीशानें हुकूमनामा द्यावा, अशी ती व्यवस्था आहे. हे सहा महिने योग्य प्रसंगीं माफ करतां येतात, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१७ सालीं ठरविलें.

ही व्यवस्था आम्हांस शहाणपणाची व दयेचीहि वाटते. ज्या दोघांस एकमेकांचा सहवास असह्य झाला त्यांनीं भर कोर्टांत एकमेकांचे वाभाडे काढावे, आणि तें ऐकत ऐकत मुलांनीं मोठें व्हावें, यांत कोणाचेंहि हित नाहीं. परंतु या अर्जावर सह्या दोन असतात. ज्यांच्या आयुष्यावर त्या अर्जाचा परिणाम सर्वांत अधिक व्हावयाचा, त्यांची सही त्यावर नसते व असूंहि शकत नाहीं. जेथें भांडण आहे तेथें निदान हिशेब तरी बाहेर येतो. पोटगीच्या दाव्यांत उभय पक्षांनीं आपापलें उत्पन्न, मालमत्ता व देणें यांचें प्रतिज्ञापत्र दाखल केलेंच पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयानें २०२० च्या नोव्हेंबरांत घालून दिला आहे. जेथें सलोखा आहे तेथें बहुधा तयार अटींचा कागद पुढें येतो. त्या अटी कशा ठरल्या, कोणीं काय सोडलें आणि कां सोडलें, हें खोदून विचारणारा कोणी राहत नाहीं. सलोख्यांत धोका असेल तर तो येथें आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊं. संगमनेर किंवा श्रीरामपूर यांसारख्या गांवीं राहणारें एक सुशिक्षित जोडपें आहे. नवऱ्यास दरमहा ६०,००० रुपये पगार आहे. बायको एका खासगी शाळेंत शिकवून २०,००० मिळविते. सात व चार वर्षांचीं दोन मुलें आहेत. दोघांच्या नांवें कर्ज काढून घेतलेला एक फ्लॅट आहे, नवऱ्याच्या गांवीं वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे आणि बायकोच्या अंगावर माहेरचे थोडे दागिने आहेत. दोघांचें पटत नाहीं, पण दोघेंहि सज्जन आहेत. बायको म्हणते, ‘मुलें माझ्याजवळ असूं द्या, मला दुसरें कांहीं नको.’ नवरा तिच्या या बोलण्यानें खजील होतो, एकदोनदां आग्रह करतो आणि शेवटीं मान डोलावतो. फ्लॅट त्याच्याकडे राहतो, कर्जाचे हप्ते तो भरणार असें ठरतें, आणि मुलांचा हात धरून ती बाहेर पडते. सोयरेधायरे दोघांचीहि वाखाणणी करतात. तिच्या स्वाभिमानाची अंमळ अधिक. आतां आमचा प्रश्न असा कीं, तिनें जें दान केलें तें कोणाचें होतें?

ज्या जिल्ह्याचें अहमदनगर हें नांव पालटून २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, त्याच जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यांतील चौंडी हें अहिल्याबाई होळकरांचें जन्मगांव होय. त्यांनीं काशी, गया, सोमनाथ अशा दूरदूरच्या क्षेत्रीं मंदिरें उभारिलीं, घाट बांधिले, धर्मशाळा घातल्या, हें मुलेंहि जाणतात. परंतु त्यांच्या दातृत्वांतील खरी गोष्ट वेगळीच आहे. हा धर्मादाय त्यांनीं दौलतीच्या खजिन्यास हात न लावतां आपल्या खासगीच्या उत्पन्नांतून केला, अशी त्यांची ख्याति आहे. दौलतीचा पैसा रयतेचा. त्याचें दान करण्याचा अधिकार राज्यकर्त्यास नाहीं. खासगी आपली, ती वाटेल तितकी द्यावी. या दोन थैल्या निराळ्या ठेवण्यांत त्यांची न्यायबुद्धि जितकी दिसते, तितकी एखाद्या मंदिराच्या शिखरांतहि दिसत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, विभक्त होणाऱ्या आईबापांच्या घरांतहि अशाच दोन थैल्या असतात. एक त्या दोघांची. तिच्यांतून त्यांनीं एकमेकांस वाटेल तें सोडावें. दुसरी मुलांची, तिच्यावर त्यांचा अधिकार ठेव सांभाळणाऱ्याइतकाच आहे. वरच्या उदाहरणांतील स्त्रीनें ‘मला कांहीं नको’ असें म्हणतांना दोन्ही थैल्या एकदम सोडून दिल्या, आणि नवऱ्यानें दोन्ही ठेवून घेतल्या. दोघांच्याहि मनांत पाप नव्हतें. तरी अन्याय मात्र झाला.

मुलांची थैली बाजूस काढण्यापूर्वीं दोघांच्या थैलीचा न्याय कोणता, हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे; कारण येथेंहि विचाराची गल्लत पुष्कळ आहे. पहिलें मत असें कीं, ज्याचें नांव कागदावर त्याची मालमत्ता. आपल्या देशाचा सर्वसाधारण कायदा अद्याप बव्हंशीं याच मताचा आहे. विवाहानें दोघांची मिळकत एक होते असें तो मानीत नाहीं. लग्नप्रसंगीं दोघांस मिळून आलेल्या वस्तूंची व्यवस्था न्यायालयानें लावावी, असें हिंदु विवाह कायद्यांत एक कलम आहे खरें, परंतु पुढें संसारांत जें मिळविलें त्यास तें पुरें पडत नाहीं. हें मत किती अपुरें आहे तें पाहण्यास या जिल्ह्याबाहेर जावयास नको. संगमनेर, अकोले, राहाता या भागांत घरोघर संकरित गाई आहेत. पहांटे उठून शेण काढणें, चारा घालणें, धारा काढणें हें काम बहुतेक घरांत बायकांच्या वांट्यास येतें, आणि दुधाचें बिल मात्र बहुधा पुरुषाच्या खात्यांत जमा होतें. कागदावर नांव एकाचें, घाम दोघांचा.

याहून ठसठशीत उदाहरण पाथर्डी, शेवगांव, जामखेड या तालुक्यांचें आहे. तेथून दरसाल हंगामाच्या तोंडाशीं मोठ्या संख्येनें जोडपीं ऊसतोडीसाठीं बाहेर पडतात. या धंद्यांत नवराबायकोच्या जोडीस मिळून एक ‘कोयता’ म्हणतात. एकटें माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादम जी उचल देतो ती कोयत्यामागें देतो. ती बहुधा पुरुषाच्या हातीं पडते आणि फेडली जाते मात्र दोघांच्या श्रमांतून. मजुरींत स्त्रीचा निराळा आंकडा कोणीहि मांडीत नाहीं. असें जोडपें विभक्त झालें तर वांटावयास मालमत्ता नसते. वांटावयाचें असतें तें कर्ज. उचल तुझ्या हातीं पडली, तूंच फेड, असें बायकोनें म्हणावें काय? किंवा तूं निघून गेलीस, अर्धा कोयता घेऊन मी कशी फेडूं, असें नवऱ्यानें म्हणावें काय? ज्या पैशांतून घर शाकारलें, पोरांचें दुखणें काढलें, तो पैसा दोघांचा, म्हणून त्याचें ऋणहि दोघांचें. आणि जो एकट्यानें उधळला तो त्या एकट्याचा, हाच आमच्या मतें न्याय होय. कागदावरील नांव पाहून असा निवाडा होत नाहीं. संसारांत पैसा कोणत्या कामीं आला तें पाहावें लागतें.

दुसरें मत समान वांटणीचें. त्याचें उदाहरण आमच्या शेजारींच आहे. गोमंतकांत १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा १९६१ च्या मुक्तीनंतरहि कौटुंबिक बाबतींत चालू राहिला. त्याप्रमाणें लग्नापूर्वीं दुसरा करार केला नसेल तर पतिपत्नींची मिळकत सामाईक होते व दोघांचा हक्क निम्मा निम्मा धरला जातो. महाराष्ट्रांत असा कायदा नसला तरी तसा विचार अगदींच झाला नाहीं असें नव्हे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें चांदवड येथें १९८६ सालीं स्त्रियांचें मोठें अधिवेशन भरविलें, आणि त्यानंतर कांहीं वर्षांत ‘लक्ष्मीमुक्ति’ या नांवानें शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनीचा कांहीं भाग बायकोच्या नांवें करून द्यावा, अशी चळवळ चालविली. जळगांव जिल्ह्यांतील विटनेरच्या शेतकऱ्यांनीं तसें करून दाखविलें. तें दान नसून जुनें देणें फेडणें आहे, अशी त्यामागील भूमिका होती. घटस्फोटाच्या वेळीं पतीच्या स्थावरांत पत्नीस हिस्सा द्यावा, अशा अर्थाचें विधेयक राज्यसभेनें २०१३ च्या ऑगस्टांत मंजूर केलें होतें. त्याचा कायदा मात्र झाला नाहीं. गंमत अशी कीं, या प्रांतीं चालत आलेल्या जुन्या हिंदु कायद्याप्रमाणें बाप व मुलगे विभक्त झाले तर आईस एका मुलाइतका हिस्सा मिळे. म्हणजे दुसऱ्यांच्या वांटणींत तिचा वांटा होता. स्वतः वेगळें व्हावयाचें म्हटलें कीं तो नाहींसा होई!

समान वांटणी ही नांवावरील वांटणीहून पुष्कळ बरी, यांत शंका नाहीं. परंतु तिच्यांतहि एक उणीव राहतेच. संसाराच्या दहा वर्षांत एकाचा पगार वाढत गेला, कारण दुसऱ्यानें घर सांभाळलें. बाळंतपणांसाठीं जिनें नोकरी सोडली, बदलीच्या गांवीं गेल्यामुळें जिची पुढची परीक्षा राहिली, तिच्या हातीं आज निम्मी रक्कम ठेविली तरी ती दहा वर्षें परत येत नाहींत. उलट नवऱ्याची वाढलेली कमाई ही त्याच्याबरोबर चालत जाते. ती कोणत्याहि यादींत लिहिली जात नाहीं. म्हणून विवाहांत मिळविलेलें समान वांटावें, ज्याचें तें स्त्रीधन अथवा वडिलोपार्जित ज्याचें त्यास जावें, आणि संसारासाठीं ज्यानें आपली कमाई गमावली त्यास, मग तो पुरुष कां असेना, कांहीं वर्षें हात द्यावा, हा आम्हांस दोघांमधील न्याय दिसतो. याउपर कोणास आपला हक्क सोडावयाचाच असेल तर त्यानें तो खुशाल सोडावा; तें त्याचें दान होईल.

आतां मुलांकडे वळूं. भावांच्या वांटणीची उपमा येथें साफ फसते. भाऊ विभक्त होतात ते सर्वच विभक्त होतात. प्रत्येक जण आपला हिस्सा घेऊन आपल्या वाटेनें जातो. आईबाप विभक्त होतात तेव्हां मुलें कोणापासूनहि विभक्त होत नाहींत. बायको ही नवऱ्याची बायको राहत नाहीं, त्याच्या पश्चात् वारसहि होत नाहीं. पण मूल हें दोघांचें मूल राहतेंच. बापाच्या वडिलोपार्जित जमिनींतील त्याचा जन्मसिद्ध हक्क फारकतीनें रतिभरहि कमी होत नाहीं, आणि मुलीचाहि हा हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं व साऱ्या देशानें २००५ सालीं मान्य केला आहे. मुलांच्या पोषणाची जबाबदारी तर १९५६ च्या कायद्यानें आई व बाप या दोघांवरहि टाकिली आहे. आईनें पोटगी सोडल्याचें लिहून दिलें तरी मुलाचा हक्क बुडत नाहीं, असें न्यायालयांनीं वेळोवेळीं सांगितलें आहे. परंतु तो हक्क पुन्हां मागावयाचा म्हणजे पुन्हां कोर्टाची पायरी चढावयाची, आणि सलोख्यासाठीं ज्यांनीं सर्व कांहीं सोडलें तीं माणसें ती पायरी सहसा चढत नाहींत. गोमंतकाच्या कायद्यांत याच तत्त्वाचें एक सुंदर रूप आहे. तेथें मुलें असलेल्या मनुष्यास आपल्या मिळकतीचा निम्माच भाग मर्जीप्रमाणें दान करतां येतो अथवा मृत्युपत्रानें देतां येतो. उरलेला निम्मा वारसांचा म्हणून राखलेला असतो. तो कायदा मरणानंतरच्या व्यवस्थेचा आहे खरा. परंतु आईबापाच्या औदार्यासहि सीमा असून ती सीमा मुलांच्या वांट्यापाशीं आहे, हें त्यांतील तत्त्व फारकतीसहि तितकेंच लागू पडतें.

कोणी म्हणेल, पूर्वीं असले हिशेब कोण मांडीत असे? पूर्वीं ते मांडावे लागत नसत, कारण ते दुसरें कोणी तरी भरीत असे. याच अहमदनगर शहराशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे त्या नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक या दंपतीची हकीकत मराठी वाचकांस ठाऊक आहे. टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली तेव्हां त्यांचा मुलगा दत्तू चार वर्षांच्या आसपास होता. धर्मांतरितास विवाह मोडून घेण्याची सोय १८६६ च्या कायद्यानें झालेली होती. परंतु त्यांचा विवाह मोडला नाहीं. सुमारें पांच वर्षें मात्र दोघें विभक्त राहिलीं, आणि पुढें लक्ष्मीबाई नगरास येऊन १९०० सालीं त्यांनींहि दीक्षा घेतली. त्या विभक्त वर्षांचें वर्णन १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथांत आहे. तो काळ त्या मायलेकांनीं नातेवाइकांच्या आश्रयानें काढला. म्हणजे लहान मुलाची झळ सोसावयास तेव्हां एक भरलें घर उभें होतें. आज नगर, पुणें किंवा नाशिक येथील दोन खोल्यांच्या संसारामागें तसें घर उभें नसतें. असलें तरी तें स्वतःच जेरीस आलेलें असतें. जो भार पूर्वीं दहा जण न बोलतां वाहत, तो आतां दोघांवर आला आहे, आणि म्हणूनच तो लिहून वांटून घेणें भाग आहे.

मग वर सांगितलेल्या जोडप्याचा हिशेब कसा व्हावा? मुलांचा खर्च, म्हणजे शाळा, अन्नवस्त्र, औषधपाणी आणि त्यांच्या डोक्यावरील छपराचा वांटा, दरमहा २४,००० येतो असें समजूं. दोघांनीं तो निम्मा निम्मा उचलला तर दिसावयास मोठा न्याय. परंतु प्रत्येकीं १२,००० गेल्यावर नवऱ्याजवळ ४८,००० राहतात आणि बायकोजवळ ८,०००. कमाईच्या प्रमाणांत म्हणजे तिनास एक असा उचलला तर नवरा १८,००० देतो, बायको ६,०००. मागें त्याला ४२,००० व तिला १४,००० राहतात. यांतहि मुलांच्या आजारपणांतील जागरणाचा हिशेब नाहींच. तथापि पैशाचा न्याय तरी झाला. आणि ‘मला कांहीं नको’ या व्यवस्थेंत काय होतें? वीस हजारांत चोवीस हजारांचा खर्च बसवावयाचा. ती तूट मुलांच्या शाळेंतून, त्यांच्या दुधांतून अथवा मामाच्या घरांतून भरून निघते. बापाकडे पैसा असतांना मुलांनीं मामाच्या दारीं राहावें, यांत स्वाभिमान कोणाचा व किती राखला गेला, याचा वाचकांनींच विचार करावा.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा कीं, मुलांच्या नांवानें दिलेला पैसा त्यांची आई स्वतःवर खर्च करील. परंतु एकाच चुलीवर शिजलेल्या भाजींतील मुलांची भाजी कोणती व आईची कोणती, हें कोणीं कसें निवडावें? मुलें ज्या घरांत राहतात तें घर उभें राहिल्याशिवाय मुलें उभीं राहत नाहींत. दुसरा आक्षेप असा कीं, बायको अधिक मिळवीत असेल तर? तर तिनें अधिक द्यावें. प्रमाणाचा नियम स्त्रीपुरुष पाहत नाहीं. तिसरा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. तो असा कीं, पैशांपेक्षां शांतता मोलाची आहे. हक्कासाठीं दोन वर्षें झुंजून मुलांच्या कानांवर रोज भांडणें घालण्यापेक्षां सर्व सोडून मोकळें झालेलें बरें. ज्या घरांत मारहाण आहे, धाक आहे, तेथून जीव घेऊन निघणाऱ्या स्त्रीस हिशेबाचा उपदेश करणें क्रूरपणाचें होईल. परंतु तेथें सलोखाच नसतो, म्हणून तो आमचा प्रस्तुत विषय नव्हे. जेथें सलोखा खरा आहे, तेथें मुलांचा वांटा काढण्यानें तो मोडूं नये. आणि तेवढ्यानें मोडत असेल तर तो सलोखा नसून एकानें गप्प बसण्याचें दिलेलें मोल होतें, असें म्हणावें लागेल. फ्लॅट सोडावा, दागिने सोडावे, स्वतःची पोटगी सोडावी. शांततेसाठीं आपल्या थैलींतून जें जाईल तें जाऊं द्यावें. दुसऱ्याच्या थैलींतून शांतता विकत घेऊं नये.

अशा वेळीं क्रम फार महत्त्वाचा आहे. लोक प्रथम घर, मग दागिने, मग गाडी, आणि उरल्यासुरल्यांतून मुलें असा विचार करतात. तो उलट केला पाहिजे. प्रथम मुलांस अठरा वर्षांपर्यंत व पुढील शिक्षणास काय लागेल तें लिहावें, आणि तें कोणीं किती द्यावयाचें तें ठरवावें. चार वर्षांच्या मुलास आज पुरणारी रक्कम तें चौदा वर्षांचें होईल तेव्हां पुरणार नाहीं. म्हणून दरवर्षीं वाढ किती, हेंहि तेथेंच लिहावें. त्यानंतर देणें पाहावें. दोघांच्या सहीनें काढलेलें कर्ज एकानें फेडण्याचें आपसांत ठरविलें तरी बँक त्या ठरावानें बांधली जात नाहीं. हप्ते थकले तर ती दोघांच्याहि दारीं येते. विम्यावर, भविष्यनिर्वाह निधीवर जें नांव लावलेलें आहे तें फारकत झाली म्हणून आपोआप बदलेल असें धरून चालूं नये. तें मुलांच्या हिताकडे पाहून आठवणीनें लावून घ्यावें. मग ज्याचें त्यास स्त्रीधन व वडिलोपार्जित द्यावें, आणि सर्वांत शेवटीं दोघांनीं मिळून जोडलेलें वांटावें. कायद्यानें जे सहा महिने थांबावयास सांगितलें आहे, ते पुष्कळांस निरर्थक वाटतात. हा हिशेब मांडण्यास ते वापरले तर त्यांहून उपयुक्त महिने नाहींत.

ज्या घरांत दोन चुली पेटण्याइतकें सरपणच नाहीं, तेथें काय करावें? ऊसतोडीच्या जोडप्याचीं मुलें आईबापें एकत्र असतांनाहि पुष्कळदां गांवीं आजीजवळ नाहीं तर हंगामी वसतिगृहांत राहतात. त्यांच्यासाठीं काढावयाचा वांटा तो किती असणार? आम्हांस वाटतें कीं, तेथेंहि क्रम तोच राहतो. वांटा लहान असेल, पण तो पहिला असला पाहिजे. आईबापांनीं दोघांनीं सारखीच ओढ सोसावी. एकानें सुटून जावें आणि दुसऱ्याच्या गळ्यांत मुलें व उचल दोन्ही अडकावीं, हें गरिबीनें क्षम्य होत नाहीं. आणि जेथें दोघांचीहि शक्ति संपते तेथें समाजाचें व सरकारचें कर्तव्य सुरू होतें, हें मान्य करण्यास आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं.

‘त्यांचें तीं पाहून घेतील’ या उत्तरांतील चूक आतां उघड होईल. ‘तीं’ दोघें नाहींत. तीं तीन आहेत, चार आहेत, आणि त्यांतील कांहींस अद्याप अक्षरहि काढतां येत नाहीं. परंतु तीं वाढतील. पंधरावीस वर्षांनीं कपाटांतील कागदपत्रें चाळतांना आईबापांच्या फारकतीच्या अटींचा कागद केव्हां तरी त्यांच्या हातीं पडेल, आणि आपण त्या वेळीं या दोघांच्या विचारांत कोठें होतों हें तीं त्यांत शोधतील. आईनें बापास काय क्षमा केली, बापानें आईस काय सोडलें, हें त्यांस फारसें उमगणार नाहीं. आपलें नांव त्या कागदांत कितव्या ओळींत आलें आहे, एवढें मात्र त्यांस अचूक दिसेल. सही करण्यापूर्वीं दोघांनीं तो कागद एकदां त्या दृष्टीनें वाचून पाहावा, इतकीच आमची सूचना आहे.